तारीख आणि खाडा

पहाटे ५:२०

पौषातली थंडी, त्यात आमचं पाटोदा बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. गोधडीतून हात बाहेर काढायचं जिवावर येतं. तरी या वेळेचा फोन मी चुकवत नाही. इतक्या पहाटे दोनच तऱ्हेची माणसं फोन करतात: ज्यांच्या घरात बरंवाईट झालंय ती, आणि फडावरची.

"ताई, म्या बोलायलेय. आज तारीख हाय ना?"

मागं ट्रॅक्टर धडधडत होता. कुणीतरी "चला, चला, उजाडायलंय" म्हणून ओरडत होतं. कर्नाटकातल्या अथणीकडचा फड.

"तारीख आहे. पण तू यायचं नाहीस. मी अर्ज देते तुझ्या वतीनं."

"त्ये ठावं हाय. लेकराला आणायलेत का आज?"

"साहेबांनी आणायला सांगितलंय."

"मंग त्याच्या अंगात सुटर हाय का, तेवढं बघा. लई खोकायलंय म्हणत व्हते."

एवढं बोलून फोन बंद.

आमच्याकडं ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. हिच्या नवऱ्यानं दुसरं घर केलं, हिला माहेरी धाडलं आणि चार वर्षांचा मुलगा सासरी ठेवून घेतला. जोडी मोडली तसा कोयता मोडला. मग ही भावाच्या जोडीनं कोयता झाली. मुकादमाची उचल दसऱ्याआधीच अंगावर होती, ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. एक दिवस चुकला की खाडा, आणि खाडा हिशेबातून कापला जातो. पाटोद्याच्या एका तारखेला यायचं म्हणजे यायचा एक, तारखेचा एक, परत जायचा एक असे तीन खाडे. एसटीत बायांना निम्मं तिकीट झालंय, पण ते आपल्या राज्याच्या हद्दीपुरतं. हद्दीच्या पलीकडं पुरते पैसे.

नवराही दुसऱ्या टोळीत ऊसच तोडतो, वारणेकाठी. म्हणजे मुलावरून भांडणारे आई-बाप दोघंही तालुक्यात नाहीत. मूल आजीजवळ आहे, तारीख माझ्याजवळ.

सकाळी ७:४५

माझं ऑफिस म्हणजे घराची पुढची खोली. एक टेबल, दोन बाकडी, कायद्याची कपाटभर पुस्तकं आणि दारात पक्षकारांच्या चपला. हंगामात या चपला बघून गाव कळतं. गडीमाणसाच्या कमी, म्हाताऱ्यांच्या जास्त. दसऱ्याला सावरगावचा मेळावा आटोपला की वाड्यावस्त्यांवरून ट्रक निघायला लागतात आणि दिवाळी सरेपर्यंत कित्येक वस्त्यांवर म्हातारी माणसं, लेकरं आणि कुत्री एवढीच उरतात.

आज पहिल्या आल्या एक आजी, सोबत आठवीतली नात. नातीच्या शिष्यवृत्तीसाठी खातं उघडायचंय आणि एका बँकेनं परत पाठवलंय.

"बाई, त्ये म्हणतेत बापाची सही आना. बाप तिकडं उसात. सही काय पाखराच्या पायाला बांधून आनू?"

मुलगी तेरा वर्षांची. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या नावानं बचत खातं उघडायला आणि चालवायला बँक परवानगी देऊ शकते, असं रिझर्व्ह बँकेनं २०१४ मध्येच सांगून ठेवलंय. मी लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या. मग आजीनं कमरेच्या पिशवीतून एक कागद काढला. मुद्रांकाचा बाँड, कुणीतरी विकत घ्यायला लावलेला. त्यावर टाइप केलेलं: 'मी माझ्या नातीचा ताबा घेत आहे.' खाली अंगठा. सरकारी कामाच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागतच नाही, साधा कागद चालतो, हे आजीला कुणी सांगितलं नव्हतं.

"आजी, हे कशाला?"

"ताबा घ्यावा लागतो म्हनं. मला काय करायचाय ताबा? म्या सांभाळायलेय, तेवढंच."

कायद्याच्या अधिकृत मराठीत या गोष्टीला 'अभिरक्षा' म्हणतात. कोर्टात आम्ही 'ताबा' म्हणतो. आजी 'सांभाळ' म्हणते. पहिला शब्द कुणाला कळत नाही, दुसरा जमिनीचा आहे. तिसरा मुलाचा आहे, पण तो एकाही अर्जाच्या मथळ्यात नाही.

निघता निघता आजी हळूच म्हणाली, "पोरगी थोर झालीय. मह्याच्यानं सांभाळ व्हत नाही. तिच्या मामानं जागा बघितलीय."

हे वाक्य हंगामात मी दर आठवड्याला ऐकते. म्हातारीचं चुकतं असंही म्हणवत नाही. घरात गडीमाणूस नाही, पोरीला शाळेला दोन किलोमीटर चालत जावं लागतं, काही झालं तर लेकाला काय तोंड दाखवायचं? पोरगी लग्न करून दिली की जोखीम उतरते आणि पुढल्या दसऱ्याला तीच पोरगी नवा कोयता होऊन उचल घेते. मी आजीला बसवलं. अठराच्या आत लग्न लावलं तर २००६ च्या कायद्यानं लावणाऱ्यावर गुन्हा, गावात ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, हे सांगितलं. नुसता धाक दाखवून भागत नाही, म्हणून वसतिगृहाचंही सांगितलं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावानं राज्यातल्या ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना आहे, तालुक्याला मुलांचं एक, मुलींचं एक, प्रत्येकी शंभर जागा. भगवानबाबांचं जन्मगाव सावरगाव आमच्याच तालुक्यातलं, त्यामुळं हे नाव घेतलं की म्हातारी माणसं ऐकून घेतात.

"तिथं ऱ्हायाला बी बापाची सही लागंल का?" आजीनं विचारलं.

लागेल. बापाच्या मुकादमाच्या मोबाईलवर अर्जाचा फोटो पाठवायचा, बापानं सही करून उलटा फोटो धाडायचा, असं ठरलं. नात तोवर भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये पाडवा कधी आहे ते बोटानं मोजत होती.

सकाळी १०:३०

कोर्टाच्या आवारात टपरीवर चहा. आमचं कोर्ट छोटं, दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी. मुलांचं खरं प्रकरण, म्हणजे १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखालचं, इथं चालत नाही. ते बीडला, जिल्हा न्यायालयात. पण माझ्या बाईचा अर्ज कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली आहे, आणि त्याचं कलम २१ दंडाधिकाऱ्यांना मुलाचा तात्पुरता ताबा देऊ देतं. मांजरसुंब्याचा घाट उतरून बीडला जायची वेळ येत नाही, हा या कलमाचा मोठा गुण.

१८९० चा कायदा पहिला प्रश्न एकच विचारतो: मूल सर्वसाधारणपणे राहतं कुठं? त्यावरून कोर्ट ठरतं. इंग्रजी अमदानीत हा प्रश्न लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढं एक घर, एक उंबरा असणार. आमच्या तालुक्यातलं मूल सहा महिने वस्तीवर आणि सहा महिने उसाच्या पाचटात राहतं. 'सर्वसाधारणपणे' या शब्दाचं काय करायचं?

दुसरा प्रश्न पालक कोण. १९५६ चा कायदा म्हणतो, हिंदू मुलाचा नैसर्गिक पालक बाप आणि 'त्याच्यानंतर' आई. पाच वर्षांखालचं मूल मात्र साधारणपणे आईजवळ. त्या 'नंतर'वर लेखिका गीता हरिहरन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. मुलाच्या नावानं रिझर्व्ह बँकेचे बाँड घ्यायचे होते आणि बँकेला बापाची सही हवी होती. १९९९ मध्ये न्यायालयानं सांगितलं, 'त्याच्यानंतर' म्हणजे बाप मेल्यावरच असं नाही. बाप नसेल, लक्ष देत नसेल, तरी आई पालक. सकाळच्या आजीच्या कागदाचं मूळ इथं आहे. बापाच्या सहीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात सुटून पंचवीस वर्षं उलटली, पाटोद्याच्या काउंटरवर तो अजून अडतो. आणि आजीची पायरी तर त्या कायद्याच्या शिडीत नाहीच. तिला पालक व्हायचं असेल तर कोर्टानं नेमावं लागतं.

दुपारी १२:१०

पुकारा झाला.

मुलगा आजीच्या कडेवर आला होता. चार वर्षांचं लेकरू कडेवर जरा मोठंच दिसतं. एका हातात पारले-जीचा पुडा, दुसऱ्या हातात आजीच्या पदराचं टोक, बोटाला दोनदा गुंडाळलेलं. अंगात स्वेटर होता. लाल, कुणा मोठ्या पोराचा. बाह्या तीन घड्या घालून वर सारलेल्या आणि गळ्याशी टाचणीच्या जागी गोधडीचा जाड दोरा टाचलेला. छातीला पांढरट डाग, बामाचा वास. मी ते सगळं पाहून घेतलं, कारण सहा वाजता मला त्याचा जाब द्यायचा होता.

समोरचे वकील माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, जमिनीच्या दाव्यात मुरलेले. त्यांनी उभं राहून एकच विचारलं: "साहेब, बाई म्हणतात मूल द्या. घेऊन कुठं जाणार? फडावर? पाचटात झोपवणार? तिथं अंगणवाडी आहे का? इथं आजी आहे, घर आहे, गावात दवाखाना आहे."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी शोधलंही नव्हतं. फडावरची लेकरं मी पाहिली आहेत. पाचट आणि ताडपत्रीची कोपी, त्यात आई-बाप पहाटे चारला उठून गेलेले, सहा वर्षांची बहीण दोन वर्षांच्या भावाला सांभाळतेय. पूर्वी कारखान्यांच्या तळावर साखरशाळा भरायच्या. पुढं धोरण बदललं, लेकरांनी गावातच राहून शिकावं म्हणून हंगामी वसतिगृहं आली. त्यात लेकरू गावात नातेवाइकाकडं झोपतं आणि शाळेत जेवतं. ही योजना उभी आहे कुणाच्या जोरावर? आजीच्याच.

म्हणून बाई पहिल्यांदा आली तेव्हाच मी तिला विचारलं होतं, "तुला लेकरू आज पाहिजे, का तुझं राहिलं पाहिजे?" ती बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत बसली. मग म्हणाली, "मला इसरलं नाही पाहिजे." आमचा अर्ज त्या वाक्यावर उभा आहे.

साहेबांनी मुलाला जवळ बोलावलं. ते खुर्चीवरून उतरून बाजूच्या टेबलाशी येऊन बसले, ही त्यांची रीत.

"बाळा, आई कुठंय तुझी?"

मुलानं आजीकडं पाहिलं. मग आजीच्या कमरेच्या पिशवीकडं बोट केलं. त्यात मोबाईल होता.

कोर्टात कुणी काही बोललं नाही. आजीनंच सांगितलं, "व्हय साहेब, म्या लावून देते फोन. कधी लागतो, कधी नाही. माझ्या लेकाला कळलं तर शिव्या घालतो, म्हणून गुपचूप लावते."

प्रतिपक्षाची आजी आमच्या बाजूनं साक्ष देऊन मोकळी झाली. समोरच्या वकिलांनी चष्मा काढून पुसला आणि मला म्हणाले, "बाई, पुरशिस द्यायची का?"

दुपारी १:००

पुरशिस म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून दिलेलं निवेदन. आम्ही व्हरांड्यात उभं राहून कलमं लिहिली. हंगाम संपेपर्यंत मूल आजीजवळ. पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद होऊन टोळी परत आली, की पाडव्यापासून मूल आईकडं. आजीनं आठवड्यातून एकदा भेटायचं. तोवर रोज संध्याकाळी आठ ते साडेआठच्या दरम्यान दहा मिनिटं फोन, आणि त्यावरून कुणी शिव्या घालायच्या नाहीत. बापाचा होकार त्याच्या वकिलांनी फोनवर घेतला. तोही मोळी बांधता बांधताच बोलला.

मग गाडं अडलं.

"रिचार्ज कुणी मारायचा?" समोरचे वकील म्हणाले.

हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही ही. आजीच्या फोनला रिचार्ज संपला की येणारे कॉलही काही दिवसांनी बंद होतात. शेवटी कलम ४ असं झालं: 'सामनेवाली क्र. २ हिच्या मोबाईलच्या रिचार्जचा खर्च अर्जदार करील.' सोळा वर्षांच्या वकिलीत मी वाटपाचे, वहिवाटीचे, बांधाचे समझोते लिहिले, रिचार्जचं कलम पहिल्यांदा लिहिलं.

दुसरा अर्ज हजेरीचा. बाईला पुढच्या तारखेला व्हिडिओ कॉन्फरन्सनं हजर राहू द्यावं. सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष पडद्यावरून घ्यायला मान्यता दिली. सातासमुद्रापलीकडचा डॉक्टर पडद्यावर चालतो, तर अथणीच्या फडातली आई का नको? एवढाच युक्तिवाद. साहेबांनी अर्ज मंजूर केला आणि रोजनाम्यात लिहायला लावलं की अर्जदाराची हजेरी दुपारी एक ते दोनच्या दरम्यान घ्यावी, त्या वेळी फडात जेवणाची सुट्टी असते. ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तेही इकडचेच असावेत.

तीन खाडे वाचले.

दुपारी २:१५

बाररूममध्ये डबे उघडले. बाजरीची भाकरी, हरभऱ्याची भाजी, ठेचा. गप्पा जमिनीच्या. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळं आमच्याकडं कुळकायदाही वेगळा, १९५० चा हैदराबादचा. त्याच्या जुन्या फायली अजून निघतात. कसणारा कोण, वहिवाट कुणाची, सातबाऱ्यावर पीक कुणाच्या नावे लागलं, यावर अख्खी हयात घालवलेले वकील शेजारी बसलेत.

जेवता जेवता माझ्या डोक्यात तेच फिरत राहिलं. दुसऱ्याची जमीन उघडपणे १२ वर्षं ताब्यात ठेवली तर मूळ मालकाचा दावा मुदतीबाहेर जाऊ शकतो. मुलाच्या बाबतीत अशी मुदत कुठं लिहिलेली नाही, तरी ती धावत असते, आणि जमिनीहून लवकर संपते. एक शाळेचं वर्ष गेलं, मित्र झाले, बोली बदलली, की कोर्टात कुणीतरी उठून म्हणतं, 'मूल इथं रुळलंय, आता हलवू नये.' ते खोटंही नसतं. म्हणून मुलाच्या खटल्यात ज्याच्याकडं मूल तो तारखा मागतो, ज्याच्याकडं नाही तो तारखा मोजतो.

संध्याकाळी ५:१५

घरी आले तर बाकड्यावर गुरुजी बसलेले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, अर्ध्या तालुक्याचे मास्तर. सोबत त्यांची बायको आणि सहा वर्षांची नात, नातीच्या पायात चांगले बूट, हातात बोरं. मुलगा नेदरलँड्समध्ये आयटीत आहे, हे गावाला ठाऊक. गावाला ठाऊक नव्हतं ते त्यांनी खाली मान घालून सांगितलं. नवरा-बायकोचं पटत नाही. दिवाळीला मुलगा एकटाच नातीला घेऊन आला, परत एकटाच गेला. सून तिकडं. तिनं तिथल्या कोर्टात अर्ज केलाय.

"आधी आधी हिला ओमा म्हणायची," गुरुजी शेजारी बसलेल्या बायकोकडं हात करून म्हणाले. "तिकडं आजीला ओमा म्हणतात. आता चांगलं आज्जी म्हणायला लागली."

त्यांना कौतुक होतं. मला दुपारची मुदत आठवली.

"मॅडम, भारत त्या हेगच्या करारात नाही म्हणे. म्हणजे आपल्याला काळजी नाही ना?"

हे मुलानं तिकडून सांगितलेलं दिसत होतं. मी त्यांना नीट उलगडून सांगितलं. १९८० च्या हेग करारात शंभरावर देश आहेत, नेदरलँड्सही. एका पालकाच्या संमतीविना मूल दुसऱ्या देशात नेलं किंवा ठेवून घेतलं, तर मूल आधी जिथं राहत होतं तिथं परत पाठवायचं, आणि ताब्याचा वाद तिथल्या कोर्टानं मिटवायचा, असं तो करार सांगतो. त्यातही एक वर्षाची मेख आहे. वर्षाच्या आत अर्ज आला तर परत पाठवणं जवळपास ठरलेलं; वर्ष उलटून मूल नव्या जागी रुळलं असेल तर विचार होतो. विधी आयोगानं २००९ मध्ये आपणही त्यात सामील व्हावं असं सुचवलं, पण भारत अजून बाहेर आहे. मुलांना घेऊन माहेरी पळून आलेल्या छळलेल्या बायकांचं काय, ही त्यातली मोठी भीती, आणि ती पोकळ नाही.

"म्हणजे आपलं बरोबरच," गुरुजी म्हणाले.

"नाही गुरुजी. करारात नाही म्हणजे मोकळं रान नाही."

सूनबाई छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका करू शकते. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये म्हटलं, परदेशी कोर्टाचा हुकूम हा विचारात घ्यायचा एक मुद्दा, त्यापुढं डोळे मिटून मान तुकवायची नाही. मुलाचं हित सगळ्यात वर. पण त्याच न्यायालयानं २०२२ मध्ये मुलाचं हित बघूनच मुलाला अमेरिकेत परत पाठवायला सांगितलं. निकाल कुठल्या बाजूला झुकेल हे कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्याकडं जाऊ नका, असंही सांगितलं. शिवाय दुसऱ्या पालकाच्या संमतीविना मूल बाहेर ठेवणं तिकडं गुन्हा ठरू शकतो. गुरुजींच्या मुलाची नोकरी, व्हिसा सगळंच अडचणीत येईल. आणि नातीचा पासपोर्ट उद्या संपला तर नवा काढायला सहसा आई-बाप दोघांची संमती लागते.

गुरुजी बराच वेळ गप्प होते. मग मास्तरांच्या आवाजात म्हणाले, "पण आम्ही काही वाईट सांभाळत नाही हो तिला."

"तो प्रश्नच नाही. तुम्ही चांगलंच सांभाळताय. पण तिच्या आईशी शेवटचं बोलणं कधी झालं?"

त्यांनी बायकोकडं पाहिलं. बाईंनी पदरानं तोंड पुसलं. बावीस दिवस झाले होते. मुलानं सांगितलं होतं, फोन उचलायचा नाही, रेकॉर्ड करते.

दुपारी कोर्टात आलेली, शाळेची पायरी न चढलेली म्हातारी लेकाच्या शिव्यांना न जुमानता गुपचूप फोन लावून देत होती. मी ते गुरुजींना सांगितलं नाही. सांगायचं माझ्या तोंडावर आलं होतं.

एवढंच म्हटलं, "वकीलपत्र मी आज घेत नाही. आज रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल लावा. तिकडं तेव्हा दुपारचे चार असतात. आई-बाप दोन देशांत असले तरी मुलाला दोघांशी रोज पाच-दहा मिनिटं बोलता आलं पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये म्हटलंय. कोर्टात गेल्यावर पहिल्या दिवशी तेच सांगणार आहेत. आधीच केलेलं बरं. मग पुढच्या आठवड्यात या, दोघांना पडद्यावर बसवून मध्यस्थी होते का बघू."

नात तोवर ओट्यावर बसून बोरांच्या बिया एका ओळीत मांडत होती आणि मोजत होती. अकरापर्यंत मराठीत, पुढं मला न कळणाऱ्या भाषेत.

संध्याकाळी ६:३०

फडावर फोन लावला. टोळी कोपीवर परतलेली असते यावेळी.

"स्वेटर होता. लाल. मोठा आहे, पण दोरा घालून नीट बसवलाय. बाम लावला होता. खोकला मला तरी ऐकू आला नाही."

"लाल? आमच्या जावच्या पोराचा असंल," ती म्हणाली. मग जरा थांबून, "दोरा त्या म्हातारीनं घातला असंल. तिला टाका चांगला येतो."

सासूबद्दल तिच्या तोंडून आजवर ऐकलेला हा पहिला बरा शब्द. पुरशिशीची कलमं वाचून दाखवली. रिचार्जचं कलम ऐकून ती हसली. पाडव्याचं ऐकून काही बोलली नाही, फक्त विचारलं, "मोबाईलवर हजेरी लावली तर खाडा पडत नाही ना ताई?"

"कोर्टाकडून नाही. मुकादमाला तू सांग."

रात्री ८:००

भाकरी थापता थापता माझा फोन स्पीकरवर. लातूरला, अकरावीतल्या माझ्या मुलाला. आमच्या बीडची निम्मी हुशार पोरं दहावीनंतर लातूरला क्लासला जातात आणि माझंही गेलंय. वसतिगृहाचे नियम कडक, फोन रात्री पंधरा मिनिटं. त्याच्या प्रवेश अर्जावर एक रकाना होता, 'लोकल गार्डियन'. मी नणंदेचं नाव लिहिलं, ती लातूरला असते. लिहिताना क्षणभरही विचार केला नव्हता; ना प्रतिज्ञापत्र, ना कोर्ट. सही नणंदेची, मूल माझं, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. शहाण्या माणसांच्या अर्जात हा रकाना छापून येतो. आजींना तो बाँडावर विकत घ्यावा लागतो.

"आई, स्वेटर पाठव ना," मुलगा म्हणाला. "इथं पहाटे क्लासला लई गार लागतं."

रात्री ९:१०

उद्या बीडला जायचंय, आणखी एका प्रकरणात १८९० च्या कायद्याखालचा अर्ज दाखल करायला. टाइप करून आलेला मसुदा तपासायला घेतला. मथळा: 'अज्ञान मुलाचा ताबा मिळणेबाबत अर्ज.' एकदा मी हौसेनं 'ताबा' खोडून 'सांभाळ' लिहिलं होतं, तर तपासणीत अर्ज परत आला. कायद्यात नसलेला शब्द. म्हणून मथळा तसाच ठेवला. आतल्या परिच्छेदात मात्र मूल कुणाजवळ झोपतं, त्याला कुणाच्या हातचं जेवण लागतं, तापात कोण उठतं, हे सगळं नीट लिहिलं. तिथं कुणाची हरकत येत नाही.

फोन वाजला. अथणी.

"ताई, लावला व्हता. धा मिनटं झाली बगा पुरी."

"काय म्हणाला?"

"काय बी नाही. भाकर खायलं व्हतं. आजीनं फोन तोंडापाशी धरला व्हता. म्या ऐकत बसले."

"काहीच बोलला नाही?"

"नाही. पर ठसका लागला तवा आजीच्या आधी म्या म्हनले, पानी पी. तर प्यायलं."